सोलापुरातला प्लॉट, विकास आराखडा आणि मालकाचे हक्क

सातबाऱ्यावर नाव लागलं, खरेदीखत झालं, घरपट्टीची पावती हातात आली, की जागेचं सगळं मिटलं असं आपल्याकडे सर्रास धरून चालतात. हे तीन कागद मालकीबद्दल आणि कराबद्दल बोलतात. त्या जागेवर काय बांधता येईल, किती मजले चढतील, उद्या तिथून अठरा मीटरचा रस्ता जाणार आहे का, शेजारी बागेचं आरक्षण पडलंय ते आपल्या हद्दीत किती घुसतं, यातलं काहीही त्यांच्यात लिहिलेलं नसतं. ते लिहिलेलं असतं विकास आराखड्यात, म्हणजे शहरातली कुठली जागा कशासाठी वापरायची ते ठरवणाऱ्या नकाशात, आणि बांधकामाच्या नियमावलीत.

हा आराखडा ज्या कायद्यातून येतो तो महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६. बांधकामाची नियमावली म्हणजे एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली. मुंबई आणि काही वेगळी क्षेत्रं सोडून ती डिसेंबर २०२० पासून राज्यभर एकसारखी लागू आहे. सगळे तिला 'यूडीसीपीआर' म्हणतात, इथंही तेच म्हणू. या दोन्हींत मालकाला बांधणारे नियम भरपूर आहेत, पण मालकाच्या बाजूच्या तरतुदीही आहेत, आणि त्या बहुतेक मुदतीच्या आहेत. तीस दिवस, चाळीस दिवस, दहा वर्षं, चोवीस महिने. मुदत हुकली की चांगली बाजूही कोरडी जाते. म्हणून पुढं जिथं जिथं मुदत आहे, तिथं ती ठळकपणे सांगितली आहे.

पहिलं काम: जागा नेमकी कुणाच्या हद्दीत आहे ते ठरवा

सोलापूर महानगरपालिका १९६४ साली झाली. १९९२ च्या हद्दवाढीत बाळे, केगाव, देगाव, शेळगी, दहिटणे, मजरेवाडी, कुमठे, सोरेगाव ही आजूबाजूची गावं शहरात आली आणि शहराचं क्षेत्र सुमारे ३३ चौरस किलोमीटरवरून १७८.५७ चौरस किलोमीटरवर गेलं. शहर एका दिवसात पाचपटीहून मोठं झालं, पण जमिनीचे कागद शेतीचेच राहिले. आज हद्दवाढ भागातल्या जागांची जी गुंतागुंत दिसते, तिचं मूळ इथं आहे.

महापालिका हद्दीत बांधकाम परवानगी महापालिकेचा नगररचना विभाग देतो. हद्दीबाहेर, म्हणजे उदाहरणार्थ दक्षिण सोलापूर तालुक्यातल्या कुंभारीला जागा असेल, तर प्रादेशिक योजना आणि जिल्हाधिकारी कार्यालय हा रस्ता. एमआयडीसीच्या क्षेत्रातला भूखंड असेल तर परवानगी एमआयडीसीच देते. 'शहराला लागून आहे' असं सांगून विकलेला प्लॉट कागदावर कुठल्या गावच्या शिवारात येतो, ते व्यवहाराआधी पाहा. पुढची सगळी दारं त्यावर ठरतात.

शहरात एक फरक आणखी आहे. मंगळवार पेठ, शुक्रवार पेठ, टिळक चौक हा जुन्या गावठाणाचा, दाट वस्तीचा भाग. जुळे सोलापूर, विजापूर रोड, होटगी रोड हा त्याबाहेरचा. दोन्हीकडे चटई क्षेत्राचे (सगळ्या मजल्यांवर मिळून किती बांधता येईल त्याचे) आणि सोडायच्या जागेचे नियम वेगळे. जुळे सोलापुरातल्या मेहुण्यानं किती बांधलं यावरून पेठेतल्या वाड्याचा हिशेब करू नका.

मग मालकीचे कागद एकमेकांशी जुळवा

शेतजमिनीचा सातबारा आणि ८अ, सिटी सर्व्हेत गेलेल्या जागेचं मालमत्ता पत्रक, फेरफार, खरेदीखत, आणि भूमी अभिलेख कार्यालयाचा मोजणी नकाशा. हे सगळं एका फाइलीत आणा आणि क्षेत्रफळ ओळीनं वाचा. खरेदीखतात दोन गुंठे, मालमत्ता पत्रकावर १९० चौरस मीटर, जागेवर कुंपण त्याहून आत किंवा बाहेर, असं बऱ्याचदा निघतं. परवानगी देताना सर्वांत कमी भरणारं क्षेत्र धरलं जातं, त्यामुळे फरक आधीच कळलेला बरा. मोजणी करून घ्यायला पैसे आणि वेळ जातो, तरी माझा सल्ला कायम हाच, की मोजणी टाळू नका.

सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग दोन (म्हणजे सरकारी बंधन असलेली जमीन) लिहिलं असेल, किंवा इतर हक्कात इनाम, वतन, देवस्थान, कूळ असा शेरा असेल, तर आधी महसूल खात्याची परवानगी लागेल. हे बांधकामाच्या अर्जाच्या वेळी कळलं तर वर्ष जातं.

बिगरशेतीबद्दल अजूनही जुनी समजूत घट्ट आहे. विकास आराखडा अंतिम झालेल्या क्षेत्रात, आराखड्यातल्या वापरासाठी, जमीन महसूल अधिनियमाच्या कलम ४२-ब प्रमाणे वेगळी बिगरशेती परवानगी घ्यावी लागत नाही. सरकारनं ठरवलेली रक्कम मात्र भरायची असते. एनए ऑर्डर काढून देतो म्हणून कुणी मोठी रक्कम मागत असेल, तर तुमच्या जागेला हे कलम लागू होतं का, ते तहसील कार्यालयात आधी विचारा.

झोन दाखला आणि भाग नकाशा: हा टप्पा चुकवू नका

नगररचना विभागात सर्व्हे नंबर किंवा सिटी सर्व्हे नंबर घालून अर्ज करा, ठरलेलं शुल्क भरा आणि दोन गोष्टी मागा: झोन दाखला (जागा कुठल्या वापराच्या पट्ट्यात येते तो) आणि विकास आराखड्याचा भाग नकाशा. दोन्हींवर सही-शिक्का पाहिजे. एजंटानं मोबाइलवर पाठवलेला रंगीत तुकडा, किंवा ऑफिसातल्या भिंतीवरच्या नकाशाचा काढलेला फोटो, यांना काही किंमत नाही.

भाग नकाशा हातात आला की घाई न करता वाचा. आधी कडेची सूची पाहा, कुठला रंग कुठल्या वापराचा ते तिथं दिलेलं असतं. मग आपला सर्व्हे नंबर शोधा. त्याच्या अंगावरून दोन समांतर रेषा गेल्या असतील तर तो रस्ता. मधे '१२ मी.' किंवा '१८ मी.' असा आकडा असतो. रस्ता अस्तित्वातला आहे की प्रस्तावित, हे रेषेच्या प्रकारावरून कळतं. अस्तित्वातला रस्ता नऊ मीटरचा असून आराखड्यात तो पंधरा मीटर दाखवला असेल, तर फरकाची जागा दोन्ही बाजूंच्या मालकांकडून जाणार. काही भाग वेगळ्या रंगात किंवा रेघांनी भरून त्याला क्रमांक आणि नाव दिलेलं असतं: खेळाचं मैदान, प्राथमिक शाळा, भाजी मंडई. ते आरक्षण.

भाग नकाशा अख्ख्या सर्व्हे नंबरचा असतो, आणि तुमचा प्लॉट त्यातला एक छोटा हिस्सा असतो. सर्व्हे नंबर चार एकरांचा, त्यातला एक एकर आरक्षित, आणि तुमचे दोन गुंठे कुठल्या कोपऱ्यात, हे नकाशावर बोट ठेवून सांगता येत नाही. 'सर्व्हे नंबरात आरक्षण आहे' एवढ्यावर घाबरून कमी भावात विकणारेही दिसतात, आणि 'आपल्याला लागत नाही' या विकणाऱ्याच्या शब्दावर घेणारेही. दोघांनीही मोजणी नकाशावर आराखड्याची रेषा आखून मागायला हवी. रस्त्याच्या किंवा आरक्षणाच्या हद्दीची अशी आखणी अधिकृतपणे करून मिळते. जागा विकत घेणाऱ्यानं तर विसार देण्याआधी हे करावं.

नकाशात न दिसणारी दोन बंधनं सोलापुरात विशेष पाहावी लागतात. भुईकोट किल्ला केंद्र सरकारच्या पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात आहे. अशा स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला बंदी आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये पुरातत्त्वाच्या यंत्रणेची पूर्वपरवानगी. पार्क चौक आणि सिद्धेश्वर तलावाच्या बाजूला जुनं घर पाडून नवं उभारायचा विचार असेल तर आर्किटेक्ट गाठण्याआधी हे अंतर मोजून घ्या. बंदीच्या पट्ट्यात दुरुस्तीही परवानगीनेच करायची असते.

दुसरं बंधन विमानतळाचं. होटगी रोड विमानतळावरून जून २०२५ मध्ये गोव्याची सेवा सुरू झाली. विमानाच्या वाटेत येणारी सिद्धेश्वर साखर कारखान्याच्या सहवीज प्रकल्पाची चिमणी त्याआधी, जून २०२३ मध्ये पाडली गेली, हे सगळ्या सोलापूरनं पाहिलं. विमानतळाभोवती उंचीचे रंगीत टप्पे ठरलेले असतात. त्या भागात उंच इमारतीचा प्लॅन करायचा तर विमानतळ प्राधिकरणाचं उंचीचं ना-हरकत प्रमाणपत्र लागतं. साध्या दुमजली घराला बहुधा अडचण येत नाही, तरी पाण्याची टाकी आणि मोबाइल टॉवर उंचीत धरले जातात हे लक्षात ठेवा.

वापर कोणता चालेल

रहिवास झोनमध्ये घर चालतं हे उघड आहे. प्रश्न येतो तो खाली दुकान, मागं माग, वर क्लास, यांचा. पूर्व भागात घर आणि कारखाना एकाच छपराखाली चालवण्याची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत आहे. यूडीसीपीआरमध्ये रहिवास झोनमधले चालणारे वापर रस्त्याच्या रुंदीप्रमाणे दिलेले आहेत: अरुंद रस्त्यावर मोजके, रुंद रस्त्यावर जास्त. तुमचा धंदा त्या यादीत बसतो का, किती अश्वशक्तीपर्यंत आणि किती जागेत, हे लेखी विचारून घ्या. कर्जासाठी बँक आणि जोडणीसाठी वीज कंपनी मंजूर वापरच पाहते. घर म्हणून मंजूर करून घेतलेल्या इमारतीत गोदाम चालवलं, तर आग लागल्यावर विमा कंपनी पहिला प्रश्न तोच विचारते.

शेती किंवा हरित पट्ट्यात जागा असेल तर 'पुढं होईल रहिवास' या भरवशावर घेऊ नका. झोन बदलायला नगररचना कायद्याच्या कलम ३७ खाली फेरबदलाची प्रक्रिया आहे. तिचा शेवट राज्य सरकारच्या मंजुरीनं होतो आणि ती मंजुरी कुणीही आधी कबूल करू शकत नाही.

किती बांधता येईल: हिशेब रस्त्यापासून सुरू होतो

गावठाणाबाहेर मूळ चटई क्षेत्र निर्देशांक, म्हणजे प्लॉटच्या किती पट बांधता येईल तो आकडा, १.१० आहे. उदाहरण घेऊ. दोन गुंठ्यांचा प्लॉट म्हणजे सुमारे २०२ चौरस मीटर. त्यावर मूळ चटई क्षेत्र सुमारे २२२ चौरस मीटर. जिना, बाल्कनी, पॅसेज यांसाठी वेगळी सूट आता नाही. त्याऐवजी रहिवासी वापराला मूळ क्षेत्राच्या ६० टक्क्यांपर्यंत अनुषंगिक (पूरक) चटई क्षेत्र अधिमूल्य, म्हणजे जादा शुल्क, भरून मिळतं. इथं ते सुमारे १३३ चौरस मीटर होईल. बिगररहिवासी वापराला हे प्रमाण ८० टक्क्यांपर्यंत आहे.

याच्या पुढं जायचं तर दोन वाटा: अधिमूल्य भरून जादा निर्देशांक घेणं, किंवा टीडीआर, म्हणजे दुसऱ्या कुणाला जमीन दिल्याबद्दल मिळालेला, विकता येणारा बांधकामाचा हक्क, विकत घेऊन लावणं. या दोन्ही वाटा रस्ता नऊ मीटर किंवा त्याहून रुंद असेल तरच उघडतात. सहा मीटरच्या बोळात प्लॉट कितीही मोठा असला तरी १.१० वरच थांबावं लागतं. प्लॉटचा भाव ठरवताना लोक चौकापासूनचं अंतर पाहतात, रस्त्याची मंजूर रुंदी मात्र विचारत नाहीत. एकाच भावाच्या दोन प्लॉटांत नऊ मीटरवरचा प्लॉट उद्या वाढीव बांधकामाला वाव देतो, सहा मीटरवरचा देत नाही.

कागदावरचं सगळं चटई क्षेत्र जागेवर बसेलच असंही नाही. पुढची, मागची, बाजूची सोडायची जागा, इमारतीची उंची, आणि वाहनतळ यांत लहान प्लॉट आकसतो. आर्किटेक्टकडून आधी नुसता बसणारा आराखडा काढून घ्या, आणि मगच गच्चीवर भाड्याच्या खोल्यांची स्वप्नं पाहा. ५०० चौरस मीटर आणि त्यावरच्या प्लॉटला पावसाचं पाणी मुरवण्याची सोय बंधनकारक आहे. चार-पाच दिवसांनी नळ येणाऱ्या शहरात मी तर म्हणेन, शंभर चौरस मीटरच्या प्लॉटवरही ती करा.

गावठाणात मूळ निर्देशांक जास्त मिळतो, पण तिथं दुसरा प्रश्न आहे: रस्तारेषा. महापालिका अधिनियमाच्या कलम २१० प्रमाणे रस्त्याची नियमित रेषा ठरवलेली असते. जुना वाडा उभा आहे तोवर ती जाणवत नाही. तो पाडून नवं बांधायला गेलात की तेवढी जागा सोडून मागं सरकावं लागतं. आठ फूट रुंदीच्या दर्शनी खोलीतले तीन फूट गेले तर उरलेल्या घराची मांडणीच बदलते, म्हणून वाडा पाडायच्या आधी रेषा आखून घ्या. तीस वर्षांवरच्या इमारतीला संरचनात्मक स्थैर्याचा दाखला घ्यावा लागतो, तेही काम यातच उरका.

जागेवर आरक्षण किंवा रस्ता पडला असेल तर

इथं मालक सर्वांत जास्त गोंधळतो आणि सर्वांत जास्त नुकसानही इथंच होतं. आरक्षण पडलं म्हणजे जमीन महापालिकेची झाली, असं नाही. मालकी तुमचीच राहते. फक्त त्या कामाशिवाय दुसरं बांधकाम करता येत नाही. जमीन ताब्यात घ्यायची तर नगररचना कायद्याच्या कलम १२६ प्रमाणे तीन वाटा आहेत: वाटाघाटीनं मोबदला, टीडीआर किंवा चटई क्षेत्राच्या रूपात मोबदला, किंवा २०१३ च्या भूसंपादन कायद्यानं संपादन.

२०१३ च्या कायद्यानं शहरी भागात बाजारमूल्यावर शंभर टक्के दिलासा रक्कम मिळते. पैसा रोख असल्यामुळे मालकाला हा मार्ग आवडतो, पण महापालिकेच्या तिजोरीला तो जड जातो, म्हणून आधी टीडीआरच पुढं केला जातो. टीडीआर गावठाणाबाहेर जमिनीच्या दुप्पट आणि गावठाणात तिप्पट मिळतो. दहा गुंठ्यांची जागा दिली तर गावठाणाबाहेर वीस गुंठ्यांच्या क्षेत्राइतकं विकास हक्क प्रमाणपत्र. ते दुसऱ्या जागी वापरताना दोन्ही ठिकाणच्या वार्षिक बाजारमूल्य दरांच्या प्रमाणात क्षेत्र बदलतं. स्वस्त भागातला टीडीआर महाग भागात कमी भरतो. हे प्रमाणपत्र विकायचं असतं बिल्डरला, आणि भाव ठरतो शहरात उंच इमारतींची किती मागणी आहे त्यावर. त्यामुळे होकार देण्याआधी दोन-तीन बांधकाम व्यावसायिकांना भाव विचारा. जमीन बोजारहित करून, महापालिकेचं नाव लावून द्यावी लागते, एकदा दिली की परत येत नाही. कुटुंबातल्या सगळ्या हिस्सेदारांच्या सह्या त्याआधी जमवा, बहिणींच्यासुद्धा.

रस्ता रुंदीत थोडीच जागा जात असेल तर त्या जागेचं चटई क्षेत्र उरलेल्या प्लॉटवरच वापरून घेण्याची सोय आहे. लहान मालकाला बहुतेक वेळा हेच फायद्याचं पडतं. आरक्षण मोठं असेल तर समावेशक आरक्षणाचाही विचार करा: ठरलेला भाग विकसित करून महापालिकेला द्यायचा आणि उरलेल्या जागेवर स्वतःचं बांधकाम करायचं.

आता कलम १२७. अंतिम विकास आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत जागा ताब्यात घेतली नाही, तर मालक महापालिकेला, किंवा आरक्षण ज्या खात्यासाठी आहे त्या खात्याला, खरेदीची नोटीस देऊ शकतो. नोटीस मिळाल्यापासून चोवीस महिन्यांत संपादन झालं नाही किंवा त्यासाठी पावलं उचलली गेली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे संपतं, आणि शेजारच्या जागेला जो वापर आहे तो तुमच्या जागेला मिळतो. नुसता ठराव किंवा जिल्हाधिकाऱ्यांना धाडलेलं पत्र म्हणजे पाऊल नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयानं २००७ साली गिरनार ट्रेडर्स प्रकरणात सांगितलं. फेब्रुवारी २०२५ मध्येही एका प्रकरणात, तेहतीस वर्षं जमीन आरक्षणात अडकवून ठेवणं योग्य नाही, अशी भूमिका त्या न्यायालयानं घेतली.

पण हे आपोआप होत नाही. नोटीस दिलीच पाहिजे. ती नवा आराखडा येण्याआधी दिलेली पाहिजे, हे तर फारच थोड्यांना ठाऊक असतं. कायद्यानं आराखडा वीस वर्षांतून किमान एकदा सुधारायचा असतो. सुधारित आराखड्यात तेच आरक्षण कायम राहिलं आणि त्याआधी तुम्ही नोटीस दिलेली नसेल, तर दहा वर्षं नव्यानं मोजली जातात. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयानं हे स्पष्ट केलं. पंचवीस वर्षं आरक्षणाखाली काढलेला माणूस एका अधिसूचनेनं पुन्हा पहिल्या वर्षात जातो. म्हणून दहा वर्षं उलटली असतील तर आराखड्याची बातमी यायची वाट पाहू नका.

नोटिशीत सर्व्हे नंबर, क्षेत्र, आरक्षणाचा क्रमांक आणि नाव, आराखडा अमलात आल्याची तारीख लिहा. सोबत मालकीचे कागद, मोजणी नकाशा, भाग नकाशा जोडा. मालकीचे कागद जोडणं कलमातच सांगितलेलं आहे आणि ते नसतील तर नोटीस अपुरी ठरवली जाते. आवक शिक्क्याची प्रत घ्या, शिवाय रजिस्टर पोस्टानंही पाठवा. हे काम वकिलाकडून करून घेतलं तर खर्च वाया जात नाही.

प्रारूप आराखड्यावर हरकत

नवा आराखडा प्रारूप म्हणून प्रसिद्ध झाला की कलम २६ प्रमाणे हरकती-सूचनांसाठी तीस दिवस मिळतात. सूचना राजपत्रात आणि वर्तमानपत्रात येते. पुण्यात किंवा मुंबईला नोकरीला असलेल्या मालकाला ती कळतच नाही, आणि इथले नातेवाईक 'नंतर बघू' म्हणतात. प्रारूपालाही वजन असतं: परवानगी देताना कलम ४६ प्रमाणे प्रसिद्ध झालेला प्रारूप आराखडाही विचारात घ्यावा लागतो. म्हणजे अंतिम होईपर्यंत थांबलात तर मधल्या काळात बांधकामाचा अर्जही अडकतो.

हरकत कशी लिहायची यावर बरंच अवलंबून असतं. 'आमच्यावर अन्याय झाला आहे' एवढं लिहिलं तर नियोजन समितीकडं त्यावर ठरवण्यासारखं काही नसतं. जागेवर काय आहे ते लिहा: मंजूर रेखांकन (प्लॉट पाडल्याचा नकाशा) आहे, परवानगीचं घर उभं आहे, दाखवलेला रस्ता चालू विहिरीवरून जातो, जवळच महापालिकेची मोकळी जागा पडून आहे. नकाशावर पर्याय आखून जोडा. सुनावणीची नोटीस आली की स्वतः जा. एकाच कॉलनीतले पन्नास जण एकच मजकूर देण्यापेक्षा पाच जणांनी आपापल्या प्लॉटचे नेमके कागद जोडलेले जास्त उपयोगी पडतात. पुढं सरकारनं मोठे बदल सुचवले तर त्यांवर पुन्हा हरकती मागवल्या जातात, तेव्हाही लक्ष असू द्या.

हद्दवाढ भाग, गुंठेवारी आणि नोटरीचे प्लॉट

शेत तोडून गुंठ्या-दोन गुंठ्यांनी विकलेले प्लॉट हद्दवाढ भागात फार आहेत. त्यांतल्या अनेकांचं रेखांकन कधी मंजूरच झालं नाही. अशा जागांसाठी २००१ चा गुंठेवारी कायदा आहे. २०२१ च्या दुरुस्तीनं ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची गुंठेवारी नियमित करण्याची सोय झाली. महापालिकेकडं अर्ज, विकास आकार आणि प्रशमन शुल्क (नियमित करून घेण्यासाठी भरायची रक्कम), मोजणी नकाशा, इमारतीचे नकाशे, अशी ती प्रक्रिया. सरकारी किंवा सार्वजनिक जागेवरचं अतिक्रमण यात येत नाही.

तुकडेबंदीचा, म्हणजे ठरलेल्या क्षेत्रापेक्षा लहान तुकडे विकायला असलेल्या बंदीचा, प्रश्न वेगळा. नोव्हेंबर २०२५ मध्ये राज्य सरकारनं अध्यादेश काढून १५ नोव्हेंबर १९६५ ते १५ ऑक्टोबर २०२४ या काळात शहरी क्षेत्रात झालेले तुकड्यांचे व्यवहार विनाशुल्क नियमित करण्याची वाट मोकळी केली. यानं व्यवहार नियमित होतो. त्यावरचं विनापरवाना घर त्यामुळे कायदेशीर होत नाही, त्यासाठी गुंठेवारीचा किंवा परवानगीचा अर्ज वेगळाच. नोटरीवर घेतलेल्या जागेला तर आधी नोंदणीकृत खरेदीखत पाहिजे, त्याशिवाय मालकीच पोचत नाही.

रेखांकनातला प्लॉट घेताना मंजूर रेखांकनाची प्रत मागून त्यात आपला नंबर शोधा. चार हजार चौरस मीटर आणि त्यावरच्या रेखांकनात दहा टक्के खुली जागा सोडावी लागते. तीच खुली जागा पुढं प्लॉट पाडून विकल्याची प्रकरणं होतात. तिथं घर बांधलेल्याला पुढं काहीच आधार उरत नाही. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेवरचा किंवा आठपेक्षा जास्त सदनिकांचा प्रकल्प असेल तर महारेराचा नोंदणी क्रमांकही तपासा.

बांधकाम परवानगी

अर्ज आता ऑनलाइन, परवानाधारक आर्किटेक्ट किंवा इंजिनिअरमार्फत. लहान प्लॉटला सोय चांगली आहे: १५० चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटवर नियमात बसणारे नकाशे आणि शुल्क भरल्याची पावती, हीच परवानगी धरली जाते, १५० ते ३०० चौरस मीटरच्या प्लॉटला दहा दिवसांत परवानगी मिळायला हवी. नकाशा नियमात बसतो याची जबाबदारी मात्र तुमची आणि सही करणाऱ्याची. म्हणून स्वस्तात सही करून देणारा शोधू नका.

मोठ्या प्लॉटला साठ दिवसांत उत्तर आलं नाही तर कलम ४५ प्रमाणे परवानगी मिळाली असं मानलं जातं, पण फक्त नियमात बसणाऱ्या बांधकामापुरतं. त्रुटीचं पत्र आलं की घड्याळ उत्तरापासून पुन्हा सुरू होतं, त्यामुळे त्रुटी एकदाच आणि पूर्ण भरून द्या. नाकारली तर कलम ४७ प्रमाणे चाळीस दिवसांत राज्य सरकारकडं अपील. नकाराची कारणं लेखी मागून घ्या, अपील त्यांवरच लढायचं असतं.

खर्चात विकास आकार, अधिमूल्य, आणि लागू असेल तर कामगार उपकर आधीच धरा. परवानगी एक वर्षाची असते आणि दरवर्षी वाढवत एकूण चार वर्षांपर्यंत जाते. पैसे अडकून काम बंद पडलं असेल तरी मुदतवाढीचा अर्ज विसरू नका. जोत्यापर्यंत काम आलं की तपासणी करून घ्या. काम संपलं की भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत वापरायची परवानगी. सोलापुरात राहायला जाऊन दहा वर्षं झालेल्या, पण भोगवटा न घेतलेल्या घरांना गणती नाही. विकताना किंवा कर्ज काढताना तीच फाइल पुन्हा उघडते. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं वीज-पाणी जोडणी आणि बँकेचं कर्ज या प्रमाणपत्राशी जोडण्याचे निर्देश दिले आहेत.

नोटीस आली तर

घरपट्टी भरतो म्हणजे बांधकाम मान्य आहे, हा बचाव चालत नाही. अनधिकृत बांधकामावर महापालिका अधिनियमाच्या कलम २६७-अ प्रमाणे कराच्या दुप्पट शास्ती लावता येते, आणि ती भरूनही बांधकाम अनधिकृतच राहतं. नगररचना कायद्याच्या कलम ५३ ची नोटीस आली तर त्यात दिलेल्या मुदतीतच बांधकाम ठेवण्यासाठी परवानगीचा अर्ज करण्याचा हक्क आहे. नियमात बसत असेल तर प्रशमन शुल्कानं सुटतं. मार्जिनमध्ये, म्हणजे सोडायच्या जागेत, आलेला भाग बसत नसेल, तर तेवढाच स्वतः काढून बाकीचं वाचवणं शहाणपणाचं.

नोव्हेंबर २०२४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशांप्रमाणे पाडण्याआधी किमान पंधरा दिवसांची नोटीस, म्हणणं मांडायची संधी आणि कारणांसहित आदेश लागतो. रस्ता, पदपथ, नदी-नाला अशा सार्वजनिक जागेवरच्या अतिक्रमणाला ही सवलत नाही. उत्तर लेखी द्या, आवक शिक्का घ्या. महापालिकेकडं तुमच्या जागेची जुनी मंजुरी सापडत नाही असं सांगितलं, तर दहा रुपयांच्या माहिती अधिकार अर्जात परवाना क्रमांक आणि वर्ष लिहून ती मागा. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. आजोबांच्या काळातल्या परवान्याची ती एक प्रत नोटिशीच्या उत्तराला जोडली, की बहुतेक वेळा प्रकरण तिथूनच सुटायला लागतं.